‘ही लता नाहीये’ : व्हर्जन गाण्यांची पार्श्वभूमी

साधारण १९९१ ची गोष्ट असेल. काकांनी नाशिकच्या मेन रोडवरून एक कॅसेट आणली, कव्हरवर लताचं नाव मोठ्या अक्षरात, खाली यादीत एकसे एक गाणी, आणि किंमत अशी की काका दुकानातून उड्या मारतच घरी आले. टेपमध्ये घातली, ‘लग जा गले’ सुरू झालं, आणि मेथी निवडत बसलेली आज्जी मान वर न करता म्हणाली, ही लता नाहीये. काका म्हणे असं कसं, नाव वाच ना. मग आतलं कार्ड बाहेर काढून चष्मा लावून शोधाशोध झाली तेव्हा पार खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात सापडलं, व्हर्जन रेकॉर्डिंग, म्हणजे तेच गाणं दुसऱ्या कुणी परत गायलेलं, आणि शेजारी एक नाव जे आमच्यापैकी कुणीच कधी ऐकलं नव्हतं. काका परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, ‘साहेब, या भावात लता कुठून देऊ?’ कॅसेट घरातच राहिली.

आता यूट्यूबवर ‘लग जा गले’ टाकलं की गिटारवाली, युकुलेलेवाला, हॉस्टेलच्या जिन्यात बसून गाणारे, सगळे निघतात आणि आपण त्याला कव्हर म्हणतो, कुणाचं आवडलं कुणाचं नाही यावर भांडतो. पण दुसऱ्याचं गाणं आपण गाऊन विकायचं हे मुळात चालतं कसं, हे बघायला गेलं की गोष्ट भलतीकडेच जाऊन पोचते, अमेरिकेतल्या आपोआप वाजणाऱ्या पियानोपर्यंत.

तर झालं असं की १९०० च्या आसपास तिकडे बऱ्याच घरांत असे पियानो यायला लागले होते ज्यात भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी घातली की गाणं वाजायचं. छापील स्वरलिपी विकणाऱ्यांचं म्हणणं, ही आमच्या गाण्याची कॉपीच आहे, पैसे द्या. १९०८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भोकं माणसाला वाचता येत नाहीत, म्हणून ती कॉपी नाही. पण इओलियन नावाच्या पियानो कंपनीने, निकाल उलटा लागला तर असावं म्हणून, बऱ्याच प्रकाशकांबरोबर आधीच एक्सक्लुझिव्ह करार करून ठेवले होते. मग १९०९ मध्ये नवा कायदा करताना तिथल्या संसदेला प्रश्न पडला की संगीतकाराला हक्क तर द्यायचाय, पण सगळं एकाच कंपनीच्या खिशात जायला नको. म्हणून तोड काढली : गाणं यंत्रासाठी एकदा कुणाला वापरू दिलं की मग दुसऱ्या कुणालाही ते स्वतः वाजवून विकता येईल, परवानगीची गरज नाही, फक्त प्रतीमागे २ सेंट द्यायचे. हे २ सेंट पुढे जवळजवळ ७० वर्षं तसेच राहिले!

हीच कल्पना इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यात गेली, तो कायदा थोडेफार बदल करून १९१४ मध्ये आपल्याकडे आला, आणि स्वतंत्र भारताने १९५७ मध्ये स्वतःचा कॉपीराइट कायदा केला त्यातही कलम ५२(१)(ञ) म्हणून ती टिकली. आगाऊ नोटीस द्या, ठरलेली रॉयल्टी भरा आणि गाणं परत रेकॉर्ड करा. यात गायकाचा कुठे संबंधच नाही हे लक्षात घ्या. शब्द-चाल एकाच्या मालकीची, रेकॉर्डिंग कंपनीच्या मालकीचं, आणि आवाज कुणाचाच नाही. गाणाऱ्याचा म्हणून वेगळा हक्क आपल्या कायद्यात यायला १९९४ ची दुरुस्ती उजाडावी लागली. तसंही एके काळी गायकाचं नावच कुठे असायचं. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पिक्चरमधल्या पात्राचं नाव! म्हणजे जिच्या आवाजावरून माझ्या आज्जीने खोटी कॅसेट ओळखली तिच्याच रेकॉर्डवर एकदा तिचं नाव नव्हतं.

बरं कलम होतं पण वापरणार कोण. रेकॉर्ड काढायची तर कारखाना हवा, आणि आपल्याकडे रेकॉर्ड म्हंजे एचएमव्ही, कोलकात्याजवळ डमडमचा कारखाना, बाकी कंपन्या नावापुरत्याच म्हणाव्यात. तिकडे अमेरिकेत मात्र ५० च्या दशकात धमाल चालू होती. एखाद्या कृष्णवर्णीय ग्रुपचं गाणं चाललं की गोऱ्या गायकांकडून ते लगेच परत गाऊन घ्यायचं आणि मोठ्या बाजारात तेच जास्त खपायचं. ‘श-बूम’ हे १९५४ चं गाणं कॉर्ड्स या ग्रुपचं, पण नंबर एकला गेलं ते क्रू-कट्सनी गायलेलं. ‘हाउंड डॉग’ बिग मामा थॉर्नटननी आधी गायलं, १९५३ ला रेकॉर्ड आली, पण नाव निघतं ते एल्विसचं, त्याचं १९५६ चं. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा, तिचं गाणं सावकाश, गुरगुरणारं, एका बाईने फुकट्या माणसाला घराबाहेर काढतानाचं आहे, एल्विसचं नुसतं धावत सुटलेलं. मला तिचं आवडतं, भांडायला कुणीही या.

आपल्याकडे चित्र बदललं ते कॅसेटमुळे. ७० च्या शेवटी शेवटी आखातातून येणारे लोक टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) आणायला लागले, आणि कॅसेट भरायला डमडमसारखा कारखाना लागत नाही, काही मशिनं आणि एक खोली बास. दिल्लीत दर्यागंजला ज्यांचं फळांच्या रसाचं दुकान होतं त्या घरातल्या गुलशन कुमारनी सुपर कॅसेट्स काढली, १९८३ पासून टी-सिरीज. आता प्रॉब्लेम असा की लोकांना हवी होती जुनी गाणी, आणि जुनी गाणी जवळजवळ सगळी एचएमव्हीकडे. तेव्हा १९५७ पासून पडून असलेलं ते कलम कामाला आलं. मूळ रेकॉर्डिंग मिळत नाही ना, मग नव्या गायकाकडून गाऊन घ्या, स्वस्तात विका, पानाच्या टपरीवर आणि किराणा दुकानातही ठेवा. रफी, किशोर, मुकेश, लता, सगळ्यांच्या ‘यादें’ निघाल्या.

आणि यातून कोण कोण आलं बघा. सोनू निगमचं नाव आधी रफीची गाणी गाणारा मुलगा म्हणूनच लोकांना कळलं. कुमार सानूने किशोरची गायली. अनुराधा पौडवाल नवख्या नव्हत्या, १९७३ च्या ‘अभिमान’मध्ये त्यांनी श्लोक गायला होता, अनिल-अरुण या संगीतकार जोडीतले अरुण पौडवाल हे त्यांचे पती, मराठीत त्यांची भावगीतं आपल्याला पाठ; पण ९० च्या सुरवातीला त्या जवळजवळ टी-सिरीजच्याच गायिका झाल्या आणि लताबाईंची गाणी त्यांच्या आवाजात गावोगाव पोचली. आपल्या गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात ‘व्हॉइस ऑफ मुकेश’ आणि ‘व्हॉइस ऑफ रफी’ असायचेच, त्यामुळे लोकांना नक्कल नवीन नव्हती. फरक एवढाच की मांडवात गाणारा समोर दिसतो, कॅसेटमध्ये कोपऱ्यातल्या मुंगीएवढ्या अक्षरात.

मूळ आणि व्हर्जन यात खरा फरक गळ्याचा असतो असं लोक म्हणतात पण मला वाटतं निम्मा फरक वाद्यांचा आहे. मदन मोहनच्या ‘लग जा गले’मध्ये (‘वो कौन थी’, १९६४) मागे माणसं व्हायोलिन वाजवतायत, सगळी मिळून किंचित मागेपुढे होतात, लताच्या श्वासाबरोबर फुगतात आणि ओसरतात. व्हर्जनमध्ये तोच तुकडा एका कीबोर्डवर, सूर अगदी बरोबर, पण प्रत्येक सूर एकाच जाडीचा, पट्टीने आखल्यासारखा. ठेका ड्रम मशीनचा. आणि गाणारी बाई बिचारी लतासारखं गायच्या नादात स्वतःचं काहीच करत नाही, गळ्यातली हरकत जिथे होती तिथेच, तेवढीच. अर्थात करू तरी काय शकणार, कार्डावर लताचं नाव आहे म्हणूनच तर कॅसेट खपणार.

गंमत म्हणजे १९९२ मध्ये खुद्द लताबाईंनीच कव्हर अल्बम काढला, ‘श्रद्धांजली’, आणि तोही एचएमव्हीकडून. सैगल, पंकज मलिक, रफी, किशोर, मुकेश, हेमंतकुमार यांची गाणी. तिथे मात्र नक्कल करायचा प्रश्नच नव्हता, पुरुषांची गाणी बाईच्या गळ्यातून येताना पट्टी बदलते, मग वजनही बदलतं. आपल्याकडचं याहून भारी उदाहरण गीतरामायण. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, वर्षभर, ५६ गाणी, आणि ती गायली माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक अशा वेगवेगळ्या लोकांनी, प्रत्येक पात्राला वेगळा आवाज. नंतर बाबूजींनी सगळी एकट्याने गायली आणि आज कुणालाही विचारा, गीतरामायण म्हणजे सुधीर फडके. संगीतकारानेच स्वतःच्या गाण्यांचं कव्हर करून मूळ पुसून टाकलं म्हणायचं का? नाट्यसंगीतात तर हा वादच नाही, पद सगळ्यांचं, प्रत्येकाने आपल्या पद्धतीने गायचं आणि नुसती कॉपी केली तर लोक हसतात.

कोर्टकज्जे व्हायचेच होते. १९९४ ला ‘हम आपके हैं कौन’ आला, संगीत रामलक्ष्मण म्हणजे आपले विजय पाटील, गाणी लता आणि एस. पी. बालसुब्रमण्यम यांची, कॅसेट एचएमव्हीची. सुपर कॅसेट्सने त्याच नावाने व्हर्जन बाजारात आणलं आणि प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. कोर्टाचा रोख साधारण हाच की व्हर्जन काढा पण गिऱ्हाइकाला फसवू नका, वेष्टन सारखं दिसता कामा नये आणि हे मूळ साउंडट्रॅक नाही हे ठळक कळलं पाहिजे. त्याच सुमारास झालेल्या कायद्याच्या दुरुस्तीतही दिशाभूल करणारं पॅकिंग नको, आणि मूळ गाणं येऊन दोन वर्षं झाल्याशिवाय व्हर्जन नको, असं आलं. आमच्या काकांच्या मानाने हे यायला तीन-चार वर्षं उशीरच झाला.

मग रिमिक्सची लाट. ‘कांटा लगा’ मूळ १९७२ च्या ‘समाधी’तलं, आर. डी. बर्मन, लता. तसं ते खेळकर गाणं, ‘बंगले के पीछे’ म्हणताना लताच्या आवाजात चक्क खोडी आहे. २००२ च्या रिमिक्समध्ये चाल तीच ठेवून खाली डिस्कोचा धडधडाट घातला, आणि लोकांना गाण्यापेक्षा व्हिडिओच लक्षात राहिला. लताबाई रिमिक्सवर नाराज होत्या आणि तसं त्यांनी जाहीर बोलून दाखवलं. शेवटी २०१२ मध्ये जुनं कलमच काढलं आणि ३१सी आणलं. आता मूळ गाणं आल्यानंतर पाच कॅलेंडर वर्षं थांबायचं, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची, आधीच्या गायकाचं नाव किंवा फोटो कव्हरवर अजिबात नाही, आणि हे कव्हर व्हर्जन आहे असं स्पष्ट लिहायचं. एवढं करून कॅसेट कोण काढणार, आणि तोवर कॅसेटच संपल्या होत्या. हॉस्टेलच्या जिन्यातले गाणारे या कलमात बसत नाहीत, त्यांचं यूट्यूबची यंत्रणा बघते, गाणं ओळखायचं आणि जाहिरातीचे पैसे मालक कंपनीकडे वळवायचे किंवा व्हिडिओ बंद.

आणि आताची जी ‘रिक्रिएट’ केलेली गाणी येतात त्यांना ३१सी लागतच नाही, कारण ती बहुतेक वेळा मालक कंपनीच काढते. २०२० मध्ये ‘मसकली २.०’ आलं, मूळ ‘दिल्ली-६’ मधलं, २००९ चं, मोहित चौहानने गायलेलं, तेव्हा ए. आर. रहमाननी मूळ गाण्याची लिंक टाकून मोजक्या शब्दात आपलं मत कळवलं. दोन्हीचे हक्क टी-सिरीजकडे. ज्यांनी दुसऱ्यांच्या गाण्यांवर धंदा उभा केला तेच आता मूळ गाण्यांचे मालक.

मागच्या दिवाळीत काकांच्या माळ्यावर ती कॅसेट सापडली. फीत सैल झालेली, पेन्सिल घालून गुंडाळली, टेप चुलतभावाकडे होता त्यात लावली. कडव्याच्या आधीचा तो कीबोर्डचा सपाट तुकडा आला आणि मी पुढचा सूर आधीच गुणगुणत होतो. रेडिओवर खरी लता लागते तेव्हा त्याच जागी व्हायोलिनं येतात आणि मला क्षणभर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. आज्जी असती तर कान पकडला असता.