गॉटहार्ड बोगदा : वेगळा टोलही नाही आणि चार मार्गिकाही नाहीत

स्वित्झर्लंडमधील गॉटहार्ड रस्ता-बोगद्याबद्दल दोन समज वर्षानुवर्षे फिरत आहेत : तेथे वेगळा टोल द्यावा लागतो, आणि दुसरा बोगदा झाला की चार मार्गिका खुल्या होऊन रांगा संपतील. दोन्ही चुकीचे आहेत.

5 सप्टेंबर 1980 रोजी खुल्या झालेल्या या 16.9 किलोमीटरच्या बोगद्याच्या तोंडाशी टोलनाका नाही. मात्र तो महामार्गाचा भाग असल्याने साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनाला वार्षिक 40 फ्रँकचे परवाना-स्टिकर, म्हणजे ‘विनिएट’, लागते. 2023 पासून ते ऑनलाइनही मिळते. त्याहून जड मालट्रकला वजन, अंतर आणि प्रदूषण-श्रेणीनुसार निराळा कर आहे. स्वित्झर्लंड आणि इटलीला जोडणाऱ्या ग्रेट सेंट बर्नार्ड रस्ता-बोगद्यात मात्र खरोखरच टोल घेतात. बहुधा गोंधळाचे मूळ तेच असावे.

दुसरा समज अधिक चिवट आहे. आज एकाच बोगद्यातून दोन्ही दिशांची वाहने समोरासमोर धावतात, आणि 2001 मध्ये अशाच धडकेनंतर लागलेल्या आगीत 11 जणांचा बळी गेला. फेब्रुवारी 2016 च्या सार्वमतात सुमारे 57 टक्के मतदारांनी दुसऱ्या बोगद्याला मान्यता दिली, ती मुख्यतः जुन्याची दुरुस्ती वाहतूक न थांबवता व्हावी आणि दिशा वेगळ्या व्हाव्यात म्हणून. आल्प्स ओलांडणाऱ्या रस्त्यांची क्षमता वाढवू नये, असे बंधन 1994 च्या सार्वमतानेच राज्यघटनेत आले असल्यामुळे, दुरुस्तीनंतर प्रत्येक बोगद्यात वाहतुकीसाठी एकच मार्गिका राहील आणि दुसरी आपत्कालीन असेल. त्यामुळे ईस्टरच्या सुट्टीत लागणाऱ्या वाहनांच्या रांगा दुसऱ्या बोगद्याने ओसरतील, ही अपेक्षा निराधार आहे.