फॉर्म-नोंदींचे पृष्ठरूप जतन

संकेतस्थळावरील फॉर्ममधून आलेली माहिती नुसती ई-मेलने न पाठवता किंवा वेगळ्या तक्त्यात न ठेवता आशय व्यवस्थापन प्रणालीत (संकेतस्थळाचा मजकूर लिहिण्याच्या व प्रसिद्ध करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) एक पान म्हणून साठवण्याची पद्धत. अशा पानाला शीर्षक, लेखक, स्थिती आणि स्वतःचा पत्ता मिळतो, त्यामुळे संपादक ते इतर मजकुराप्रमाणेच तपासून प्रसिद्ध करू शकतो.

पद्धतीचा उगम दोन ठिकाणी दाखवता येतो. वेबवरील फॉर्म व ते हाताळणारी, म्हणजे भरलेली माहिती सर्व्हरवरील प्रोग्रॅमकडे पोहोचवणारी, सीजीआय व्यवस्था १९९३ च्या सुमारास रूढ होऊ लागली. फॉर्मच्या घटकांना वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या २.० आवृत्तीच्या नोव्हेंबर १९९५ मधील आरएफसी १८६६ या दस्तऐवजात प्रमाणरूप मिळाले. त्याच काळात पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या अभिप्रायवह्या (गेस्टबुक) पसरल्या. मॅट राइट यांच्या वहीत नवा अभिप्राय एचटीएमएल फायलीतील ‘बिगिन’ या खुणेजवळ घातला जाई. म्हणजे फॉर्ममधला मजकूर पानात येई, पण प्रत्येक नोंदीचे स्वतंत्र पान होत नसे. वॉर्ड कनिंगहॅम यांच्या विकीविकीवेब या विकीवर, म्हणजे वाचकांनाच पाने संपादू देणाऱ्या संकेतस्थळावर (२५ मार्च १९९५), मात्र चौकटीत लिहिलेला मजकूर जतन करताच स्वतःचे नाव असलेले, पुन्हा संपादता येणारे पान तयार होई. पानाला स्वतंत्र ओळख असणे हे या पद्धतीचे मुख्य लक्षण मानल्यास विकीकडे जाणारा धागा अधिक ग्राह्य ठरतो. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरवरील ‘पेज फॉर्म्स’ हा विस्तार, जो पूर्वी ‘सिमँटिक फॉर्म्स’ म्हणून ओळखला जाई, हा धागा थेट पुढे नेतो : भरलेली प्रत्येक चौकट साच्याचा एक घटक बनून पानाच्या मजकुरात उतरते.

वर्डप्रेस या आशय व्यवस्थापन प्रणालीत ३.० आवृत्तीपासून (जून २०१०) स्वतंत्र पोस्ट-प्रकार (मजकूर-नोंदींचे वेगळे प्रकार) सहज नोंदवता येऊ लागले आणि पद्धतीला पक्का आधार मिळाला. ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हे फॉर्मचे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) स्वतः नोंदी साठवत नाही. त्याच्या जोडीचे ‘फ्लेमिंगो’ त्या पोस्ट म्हणून ठेवते. ‘ग्रॅव्हिटी फॉर्म्स’ हे प्लगइन स्वतःचे तक्ते वापरते. प्रोसेसवायर या प्रणालीत तर सारा आशयच पानांच्या वृक्षात असल्याने तेथील ‘फॉर्मबिल्डर’ने नोंदीचे पान करणे स्वाभाविक आहे.

तक्त्यांच्या बाजूनेही सबळ कारण आहे. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक अतिरिक्त क्षेत्रासाठी (फॉर्ममधील चौकटीसाठी) मेटा-तक्त्यात, म्हणजे पूरक माहितीच्या तक्त्यात, वेगळी ओळ जाते. २० क्षेत्रांच्या फॉर्मच्या १०,००० नोंदी म्हणजे २ लाख ओळी. त्यामुळे जे पुढे प्रसिद्ध करायचे आहे त्याचेच पान करावे. चौकशी, तक्रारी, नावनोंदणी तक्त्यातच ठेवावी, हे धोरण योग्य वाटते.

देवनागरी शीर्षकाच्या बाबतीत एक अडचण हमखास येते. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्याचा भाग २०० वर्णांपुरता मर्यादित असतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, मात्रा व हलन्तही वेगळे धरून, पत्त्याच्या सांकेतिक रूपात (टक्केचिन्हे व रोमन अक्षर-अंकांत) ९ वर्ण घेते. त्यामुळे जेमतेम २२ चिन्हे मावतात. फॉर्ममध्ये ‘महाराष्ट्रातील दुर्मिळ वनस्पती’ असे शीर्षक आल्यास पत्ता ‘महाराष्ट्रातील-दुर्मिळ-व’ येथे तुटतो. ‘महाराष्ट्रातील दुर्मिळ वन्यजीव’ याचाही तोच पत्ता होतो, म्हणून दुसऱ्याला शेपटीस आकडा लागतो. पत्त्यासाठी फॉर्ममधले शीर्षक न घेता नोंद-क्रमांक किंवा छोटे रोमन नाव दिल्यास हा प्रश्न उरत नाही.

अनोळखी व्यक्तीने पाठवलेले पान आपोआप प्रसिद्ध होऊ देणे धोक्याचे आहे. ते ‘प्रलंबित’ स्थितीत ठेवणे, मजकुरातील एचटीएमएल गाळणे आणि नोंद जतन होताच वाचकाला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणे, म्हणजे पान ताजे केल्यास तीच नोंद पुन्हा होणार नाही, एवढे तरी आवश्यक असते. फोन क्रमांक व ई-मेल पानाच्या दृश्य भागात कधीही घेऊ नयेत. वर्डप्रेसच्या ४.९.६ आवृत्तीने (मे २०१८) वैयक्तिक माहिती मिटवण्याची सोय दिली, पण फॉर्मच्या प्लगइनने आपली मिटवणी तिच्याशी जोडलेली नसेल तर या पानांतील माहिती तशीच राहते.