चियाने हृदयातले ब्लॉकेज विरघळत नाहीत

उपवन तलावावर सकाळी फिरणाऱ्यांत आणि ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय: रात्री चियाचं बी भिजवा, सकाळी प्या, ब्लॉकेज विरघळतील, गोळ्या सुटतील. हे खोटं आहे. रक्तवाहिनीत साचलेला थर कुठलंही बी विरघळवत नाही.

चिया पौष्टिक आहे, यात वाद नाही. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३४ ग्रॅम तंतू आणि १७ ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ हा उपयुक्त मेद असतो. पण हे ओमेगा-३ वनस्पतीजन्य आहे. बांगडा माशात मिळतं तशा रूपात शरीर त्याचा थोडाच भाग बदलतं. कॅनडात २००७ साली मधुमेहाच्या २० रुग्णांवर १२ आठवडे झालेल्या चियाच्या चाचणीत वरचा रक्तदाब कमी झाला. अमेरिकेत २००९ साली जाड व्यक्तींना रोज ५० ग्रॅम देऊनही वजन घटलं नाही, कोलेस्टेरॉलही नाही. दाव्याचा पाया एवढाच.

आपल्या चटणीतल्या जवसात हेच ओमेगा-३ चियापेक्षा जास्त असतं, तेही स्वस्तात! चिया आवडत असेल तर जरूर खा, पण भिजवूनच. कोरडा घशात फुगून अडकू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. त्यांना न विचारता कोलेस्टेरॉलची गोळी मात्र कृपा करून बंद करू नका.