ओळंबा, उतार आणि पोलादी गोळी

तुळशीबागेतून कधीकाळी आणलेला बॅगाटेलचा लाकडी बोर्ड आमच्या माळ्यावर पडून होता. मे महिन्याच्या सुट्टीत भाच्याने तो खाली ओढला, धूळ झटकली, वरच्या कडेखाली जुन्या पंचांगांचा गठ्ठा सरकवून उतार केला आणि दांडी खेचून गोळी सोडली. गोळी खिळ्यांवर टणाटण आपटत खाली आली आणि शून्याच्या खोबणीत जाऊन बसली. चार-पाच डाव झाल्यावर तो म्हणाला, "मामा, यात खेळणाऱ्याने काय करायचं असतं? सगळं गोळीच ठरवतेय."

न्यूयॉर्कच्या महापौरांचं म्हणणं याहून फार वेगळं नव्हतं. फिओरेलो ला गार्डिया यांनी १९४२ साली तिथे पिनबॉलवर, म्हणजे उतरत्या फळीवर दांडीने गोळी सोडायच्या यंत्रांवर, बंदी घातली. जप्त केलेली यंत्रं घणाने फोडली. हा खेळ नव्हे, जुगार आहे, असं त्यांचं मत. तेव्हाच्या यंत्रांपुरतं ते अगदीच चूक होतं असंही नाही. घरंगळणाऱ्या गोळीला परत वर टोलवणारे फ्लिपर बाजारात आले ते १९४७ साली, गॉटलिब कंपनीच्या यंत्रातून. त्याआधीचा पिनबॉल म्हणजे आमच्या बोर्डाचाच थोरला भाऊ.

फ्लिपर आले, पण बंदी तशीच राहिली, चांगली चौतीस वर्षं. १९७६ साली रॉजर शार्प नावाचा तरुण पत्रकार, हा कौशल्याचा खेळ आहे हे दाखवायला, नगर परिषदेच्या समितीपुढे उभा राहिला. यंत्र आणलेलं होतंच; पण त्यात काही गडबड केली असेल या संशयाने, जोडीला आणलेल्या दुसऱ्या यंत्रावर खेळून दाखवा, असं त्याला सांगण्यात आलं. शार्पने दांडी हातात धरली, गोळी वरच्या कोणत्या गल्लीतून उतरेल ते आधी सांगितलं, आणि गोळी तिथूनच उतरली. बंदी उठली. त्या फटक्यात नशिबाचाही हात होता, हे पुढे त्याने स्वतःच कबूल केलं.

मला यातली एक बारीक गोष्ट फार आवडते. शार्पने पैज लावली ती दांडीच्या फटक्यावर. गोळी अजून कशावरही आपटलेली नसते, तेव्हाच तिचं भाकीत सगळ्यात सोपं असतं. तीच पैज पाचव्या धडकेनंतर लावली असती, तर बंदी बहुधा आजही असती!

कारण हिशेबाने पाहू. पिनबॉलची गोळी साधारण २७ मिलिमीटर व्यासाची आणि ८० ग्रॅम वजनाची. ती गोल खांबावर आपटली की आधीची लहानशी चूक मोठी होऊन परतते, कारण गोलाईवर नेमकं कुठे आपटलो यावर पुढची दिशा ठरते. समजा, दर धडकेला चूक पाचपट होते. सुरुवातीला गोळी नेमक्या जागेपासून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने सरकली, तर पाचव्या धडकेनंतर ती चूक ३१ मिलिमीटर झालेली असते, म्हणजे गोळीच्या व्यासाहून जास्त. आता ती खांबाला लागणार की शेजारून निसटणार, हेही सांगता येत नाही. केऑस सिद्धांताचे, म्हणजे लहानशा फरकातून मोठा गोंधळ कसा होतो याचे, अभ्यासक एडवर्ड लॉरेन्झ यांनी हीच कल्पना समजावताना पिनबॉलचं यंत्र उदाहरणाला घेतलं होतं.

मग कौशल्य कुठे उरतं? तर गोळी थांबवण्यात. कसलेला खेळाडू खाली आलेली गोळी लगेच टोलवत नाही. फ्लिपर वर उचलून धरतो आणि गोळी त्याच्या बेचक्यात विसावू देतो. तिथे ती निवांत बसली, की आधीच्या वीस धडकांच्या चुका पुसल्या जातात. पुन्हा शार्पच्या दांडीसारखीच माहितीची जागा. तिथून नेम धरायचा. नवखा माणूस दोन्ही फ्लिपर फडफडवत बसतो आणि स्वतःच गोंधळ वाढवतो.

ही झाली खेळाडूची बाजू. स्पर्धा भरवणाऱ्याची डोकेदुखी वेगळी: नशिबातून कौशल्य गाळून कसं काढायचं? आपल्याकडे गणेश मंडळाच्या कॅरम स्पर्धेत एक काका असतातच, बोर्ड चारी कोपऱ्यांनी समतल आहे ना हे पाहिल्याशिवाय पावडरच टाकू न देणारे. पिनबॉलचा आयोजक हा त्याच जातीचा माणूस, फक्त त्याला समतल नको असतं, उतार हवा असतो. तो साधारण साडेसहा अंशांचा. त्यावर घरंगळणारी गोळी सेकंदाला सुमारे ०.८ मीटर प्रति सेकंद या दराने वेग घेते. उतार सातवर नेला तर हा दर सात-आठ टक्क्यांनी वाढतो, आणि सरावलेल्या हाताला ते लगेच जाणवतं. गोळी जिथून निसटून बाद होते त्या बाजूच्या गटारगल्ल्यांच्या तोंडावरची रबरं आयोजक काढतो, जादा गोळी बंद ठेवतो. हेतू हा की चांगल्या खेळाडूचाही डाव वेळेत संपावा.

आणि ओळंबा. होय, गवंड्याचाच. यंत्राच्या पोटात कड्याच्या मधोमध एक धातूचं लोलकासारखं वजन टांगलेलं असतं. यंत्र जोरात हलवलं की ते कड्याला टेकतं, विजेचं मंडल पूर्ण होतं, फ्लिपर मरतात आणि 'टिल्ट'ची पाटी उजळते. हलवायला मनाई नाही. हलका धक्का देणं हा कौशल्याचाच भाग. वजन त्याच्या लोंबत्या दांडीवर स्क्रूने किती वर-खाली बसवायचं, म्हणजे धक्क्याची सूट किती द्यायची, हे आयोजक ठरवतो. अख्ख्या स्पर्धेचा स्वभाव त्या एका स्क्रूवर फिरतो, असं म्हटलं तरी चालेल.

उरलेलं नशीब डावांच्या संख्येने मरतं. सरस खेळाडू एक डाव जिंकण्याची शक्यता ६० टक्के धरा. तीन डावांच्या लढतीत ती ६५ टक्क्यांच्या आसपास जाते, सातांच्या लढतीत ७१. फार नाही, पण स्पर्धेत अशा लढती पुष्कळ होतात.

शार्पची कारकीर्द त्या एका फटक्यावर संपली नाही. पिनबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना मधल्या काळात थंडावली होती. त्याच्या मुलांनी, जॉश आणि झॅक यांनी, ती २००६ मध्ये पुन्हा उभी केली आणि जगभरातल्या खेळाडूंची क्रमवारी लावायला घेतली. जॉश हा हिशेबाच्या पेशातला माणूस, आणि क्रमवारीचे नियम वाचताना ते जाणवतं. तगडे खेळाडू जितके जास्त, तितके त्या स्पर्धेचे गुण जास्त. शिवाय गुण शिळे होतात: वर्ष उलटलं की ७५ टक्के, दोन उलटली की निम्मे, तीन वर्षांनी शून्य. जुन्या पुण्याईवर बसता येत नाही.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने सायकलचा एक नट दोऱ्याला बांधून बोर्डाच्या कडेला लटकवला, खाली माझ्या आईची बांगडी धरली आणि जाहीर केलं, नट बांगडीला टेकला की डाव बाद. पंचांगांचा गठ्ठा काढून पाट लावला. गोळी अजूनही शून्यातच जाते. फ्लिपर कशाचे करायचे, यावर सध्या आइस्क्रीमच्या काड्यांचे प्रयोग चालू आहेत.