क्लोरीन: रेझिनला थोडं चालतं, मेम्ब्रेनला अजिबात नाही

गणपतीला चाकरमानी गावी आले की बंद घराचं कुलूप निघतं आणि कित्येक महिने पडून असलेला आरओही सुरू होतो. पाण्याला कुबट वास येतो. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकते, मग आपणही यंत्रात थोडं ओतावं, असं सहज मनात येतं. शेजारी सॉफ्टनर असेल तर एकाच बादलीतलं पाणी दोन्हींना. वेंगुर्ल्याकडच्या एका घरात असं झालेलं मी पाहिलंय, आणि तिथला मेम्ब्रेन कायमचा गेला.

सॉफ्टनरमधलं रेझिन म्हणजे पॉलिस्टायरीनचे बारीक मणी. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि सोडियम सोडतात. मिठाच्या पाण्याने धुतले की पुन्हा कामाला लागतात. मचूळ पाण्याचा खारटपणा मात्र त्यांनी जात नाही, तो आरओच काढतो. आरओचा मेम्ब्रेन म्हणजे गुंडाळलेला पडदा, आणि त्यावरचा पॉलिअमाइडचा अतिशय पातळ थर हेच त्याचं सर्वस्व.

क्लोरीन नेमकं त्या थरावर घाव घालतं. १ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीनचं पाणी २०० ते १००० तास लागलं की पडदा खराब होऊ लागतो. आता हिशेब करा: बादलीत २०० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल, तर खालची मर्यादा एका तासात गाठली. पाण्यात लोह असेल तर झीज आणखी वेगाने होते, आणि जांभ्यातल्या कितीतरी विहिरींच्या पाण्यात ते असतंच. फसवं हे की असा पडदा तुंबत नाही. पाणी उलट भरभर येतं, माणूस खूश होतो, आणि त्यातून मीठही येत असतं.

रेझिनचं उलट आहे. थोडं क्लोरीन ते सोसतं. २८ लिटर रेझिनमागे ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट सुमारे ३५ मिलिलिटर, मिठाच्या टाकीत घालून रीजनरेशन, म्हणजे ती मिठाच्या पाण्याची धुणी, लावायचं आणि वास जाईपर्यंत धुवायचं. प्रमाण वाढलं किंवा हे वारंवार झालं की मणी फुगतात, मऊ पडतात, फुटतात आणि पाण्याचा जोर घटतो. इथेही टीसीएल नकोच: त्यातला न विरघळलेला चुना मण्यांत अडकतो आणि रेझिनची ताकद त्यातलं कॅल्शियम धरण्यातच संपते. पाण्यातले सगळे क्षार काढणाऱ्या डीएम प्लांटमधल्या अ‍ॅनायन रेझिनचा स्वभाव तर वेगळाच. ते क्लोरीनपासून लांबच ठेवावं.

मग मेम्ब्रेन निर्जंतुक कशाने करायचा? मोठ्या प्लांटमध्ये पेरॲसेटिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण वापरतात, साधारण ०.२ टक्के, आणि पाणी २५ अंशांच्या आत. मे महिन्यात उन्हातल्या टाकीचं पाणी याहून कितीतरी गरम असतं, म्हणून हे काम थंडीत पहाटे काढावं. त्याआधी २ टक्के सायट्रिक ॲसिडने, म्हणजे लिंबूसत्त्वाने, लोहाचा थर काढायलाच हवा. लोह राहिलं तर हेच औषध पडदा जाळतं. शिवाय गाळाच्या आड जंतू सुखरूप राहतात. धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन कामं आहेत, आणि धुणं आधी. ॲसिड आणि क्लोरीन मात्र कधीच एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो.

घरच्या आरओला एवढा खटाटोप नको. मेम्ब्रेन आणि कार्बन फिल्टर बाहेर काढा, मग रिकामी हाउसिंग आणि टाकी सौम्य क्लोरीनने धुवा. ओटीचे, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या द्रावणाचे, थेंब टाकल्यावर पिवळा रंग दिसेनासा होईपर्यंत खळबळत राहा, त्यानंतरच दोन्ही परत बसवा. मेम्ब्रेन जुना असेल आणि वास जात नसेल तर नवाच घ्या. काम सुरू करण्यापूर्वी आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, वहीत लिहून ठेवा. नंतर सुरुवातीचं पाणी फेकून पुन्हा मोजा. विहिरीचा आकडा तोच असून ग्लासातला वाढला असेल, तर पडदा गेला.