पॉइंटमधली अर्ध्या मिलिमीटरची फट

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी मिसिंग मारायला, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकून अडखळायला लागली की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरकडे जातो. जेट (पेट्रोल ज्यातून येतं ते बारीक भोक) काढा, फुंका, स्क्रू फिरवा. आणि चांगली चाललेली सेटिंगही घालवून बसा. माझं मत विचाराल तर आधी डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणाऱ्या डब्याचं, झाकण काढावं. क्लिपा सोडल्या की ते हातात येतं, आणि खाली जे दिसतं त्यावर शाळेतला विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा अख्खा धडा घेता येईल.

बॅटरी 12 व्होल्टची. पण सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणातून ठिणगी उडायची तर हजारो व्होल्ट लागतात. ते कॉइलमधून मिळतात. तिच्यात एकाच लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात: जाड तारेचे काहीशे वेढे आणि बारीक तारेचे हजारो. जाड तारेतून तीन-चार अँपिअर करंट वाहतो तोवर ठिणगी नाही, नुसतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ठिणगी पडते ती करंट तोडल्यावर. धो धो वाहणारा नळ एकदम बंद केला की पाइप दणकतो, तसंच काहीसं. क्षेत्र जितक्या झटक्यात कोसळेल तितकं व्होल्टेज जास्त, हे फॅरडेनं 1831 मध्ये शोधलेल्या प्रवर्तनाचंच गणित. बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट उठतात. चार्ल्स केटरिंगची ही पद्धत 1910 च्या सुमारास कॅडिलॅकमध्ये आली आणि पुढे अनेक दशकं जवळजवळ प्रत्येक पेट्रोल गाडीत राहिली.

करंट तोडायचं काम पॉइंटचं. टंगस्टनच्या दोन टिकल्या, एक स्थिर, एक हलती. मधला चार कोपऱ्यांचा फिरता दांडा, म्हणजे कॅम, फिरताना हलत्या पॉइंटच्या फायबरच्या ठोकळ्याला ढकलतो. चार सिलिंडरच्या इंजिनात 3000 आरपीएमला हे सेकंदाला शंभर वेळा होतं! प्रत्येक वेळी टिकल्या विलग होताना करंट फटीतून उडी मारायला बघतो. तो शेजारच्या कंडेन्सरमध्ये (विद्युतभार क्षणभर साठवणाऱ्या डबीत) शिरतो म्हणून पॉइंट वाचतात. कंडेन्सर गेला की टिकल्या काळ्या पडतात आणि प्लगवर निळ्याऐवजी पिवळट, मरतुकडी ठिणगी येते. अशा वेळी नुसते पॉइंट बदलले तर नवेही लवकरच जळतात.

आता फटीचं. पॉइंट पूर्ण उघडे असताना ती साधारण 0.4 ते 0.5 मिमी हवी. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. फायबरचा ठोकळा झिजतो तशी फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे ठिणगीही उशिरा पडते. गाडी चढावर दम टाकते, गरम होते. उलट फट जास्त ठेवली तर पॉइंट मिटलेले राहायला वेळच मिळत नाही, क्षेत्र पुरतं तयार होत नाही, आणि गाडी वेगात मिसिंग मारते.

मोजायचं असं: इग्निशन बंद. टॉप गिअर टाकून गाडी हळूहळू पुढे ढकलायची, ठोकळा कॅमच्या कोपऱ्यावर नेमका येईपर्यंत. मग फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची, पाती किंचित अडकत सरकली पाहिजे. पण आधी टिकल्या नीट बघा. जुन्या पॉइंटमध्ये एका टिकलीवर खड्डा आणि समोरच्या टिकलीवर बारीक फोड असतो, कारण धातू इकडून तिकडे गेलेला असतो. पाती फोडावर टेकते, म्हणून गेज सांगतं त्यापेक्षा खरी फट जास्त असते. फोड कानशीनं घासून घ्यावा. पॉलिश पेपर वापरू नये, त्याचे कण टिकल्यांमध्ये अडकतात. फट बदलली की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) हलतं, तेव्हा ते पुन्हा लावायचं. हे टाळणारे गॅरेजवालेही आहेत.

एवढं झाल्यावर प्लग काढून रंग बघा, मग खुशाल कार्बोरेटरकडे वळा. प्लग फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हकडून ऑइल येतंय. हल्ली जुन्या गाड्यांत पांढरट प्लग दिसला तर आणखी एक शंका घ्यावी. पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला जेमतेम 9 पट. 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्याच जेटमधून आलं की मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. नव्या गाडीत सेन्सर ते सावरून घेतो, कार्बोरेटरला ते कळत नाही. मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लग पुन्हा बघावा, आणि हात लागलाच आहे तर पेट्रोल पंपाचा रबरी पडदा आणि नळ्याही तपासाव्यात. जुनं रबर इथेनॉलनं फुगतं.