गॅस आत, समुद्र बाहेर

गॅसची पाइपलाइन म्हटलं की भीती वाटते ती फुटण्याची. आत प्रचंड दाबाखाली कोंबलेला वायू, भिंत जरा कुठे कमकुवत झाली की स्फोट. जमिनीवरच्या वाहिनीबाबत ही भीती रास्तच आहे. पण दोन देशांमधला खोल समुद्र ओलांडून वायू आणायचा असेल, तर अभियंत्यांची झोप उडते ती नेमक्या उलट कारणाने. तिथे वाहिनी बाहेरून चेपली जाण्याची धास्ती जास्त असते.

समुद्रात दर 10 मीटर खाली गेलं की एक वातावरणाइतका दाब वाढतो. रशियाहून काळ्या समुद्राखालून तुर्कस्तानला जाणारी 'तुर्कस्ट्रीम' वाहिनी सुमारे 2,200 मीटर खोलीवर पडून आहे, म्हणजे तिच्यावर चहूबाजूंनी साधारण 220 वातावरणांचा दाब आहे. वायू भरलेला असतो तोवर आतला दाब बाहेरच्या दाबाशी झुंजत राहतो आणि पोलादावरचा भार हलका होतो. खरा धोका असतो तो वाहिनी टाकली जात असताना. तेव्हा आत नुसती हवा असते आणि समुद्राचा सगळा भार एकट्या पोलादाने पेलायचा असतो. पुढे 50 वर्षं काम करणाऱ्या या वाहिनीची सर्वांत कठीण परीक्षा ती रिकामी असतानाच होते.

या विषयात मुत्सद्देगिरीची चर्चा भरपूर होते आणि ती व्हायलाही हवी. पण कुठली वाहिनी होईल, किती वायू नेईल आणि त्यातून कुणाला किती फायदा होईल, याचा बराचसा निकाल कराराच्या टेबलावर बसण्याआधी समुद्राच्या खोलीनेच देऊन टाकलेला असतो.

व्यासाचं उदाहरण घ्या. वाहिनीचा व्यास दुप्पट केला की तेवढ्याच दाबाच्या फरकावर तिच्यातून साडेपाच पटींहून जास्त वायू वाहू शकतो, कारण मोठ्या वाहिनीत भिंतीशी होणारं घर्षण तुलनेने कमी पडतं. म्हणून पैसे घालणाऱ्याला वाहिनी शक्य तितकी रुंद हवी असते. मात्र नळी जितकी रुंद तितकी ती बाहेरच्या दाबापुढे दुबळी. तिने तग धरायचा तर भिंत जाड करावी लागते. रशिया ते जर्मनी ही 'नॉर्ड स्ट्रीम' बाल्टिक समुद्रातून गेली. तिच्या मार्गावर जास्तीत जास्त खोली 210 मीटरच्या आसपास. त्यामुळे आतला व्यास 1,153 मिलिमीटर ठेवता आला आणि भिंत 27 ते 41 मिलिमीटरवर भागली. तीसुद्धा मुख्यतः आतला दाब पेलण्यासाठी. तुर्कस्ट्रीमला मात्र 39 मिलिमीटर जाडीचं पोलाद वापरूनही बाहेरच्या बाजूने मोजलेला व्यास जेमतेम 81 सेंटिमीटर ठेवावा लागला. परिणाम सरळ आहे: नॉर्ड स्ट्रीमची एक वाहिनी वर्षाला साडेसत्तावीस अब्ज घनमीटर वायूसाठी बांधलेली, तर तुर्कस्ट्रीमची एक वाहिनी पावणेसोळा अब्ज घनमीटरसाठी.

मग भिंत आणखी जाड का करायची नाही? कारण तेवढी जाड पोलादी प्लेट वाकवून अचूक गोल करणं पोलाद कारखान्यांनाही जड जातं. मोठ्या वाहिन्यांचे पाइप सहसा प्लेटपासूनच बनतात. प्लेट आधी इंग्रजी 'यू'च्या आकारात वाकवायची, मग 'ओ'च्या, कडा वेल्डिंगने जोडायच्या आणि शेवटी आतून रेटा देऊन पाइप किंचित फुगवायचा, म्हणजे तो नीट गोल होतो. हे गोल होणं फार मोलाचं आहे. पाइप थोडासा जरी लंबगोल राहिला तरी बाहेरच्या दाबापुढे त्याची ताकद चटकन घटते. गंमत म्हणजे गोलाई देणारी ही शेवटची पायरीच पोलादाला एका बाजूने कमकुवत करते. एकदा ताणलेलं पोलाद त्यानंतर दाबायला गेलं तर आधीपेक्षा लवकर नमतं, आणि समुद्र तर त्याला दाबणारच असतो. ही गमावलेली ताकद थोडीफार परत मिळते ती गंजरोधक लेप चढवताना. त्यासाठी पाइप दोनशे अंशांच्या वर तापवतात आणि त्या उष्णतेत पोलाद पुन्हा सावरतं. लेप गंजासाठी, पण त्याचा लाभ ताकदीला! हे मला या सगळ्या तंत्रातलं फार सुंदर वळण वाटतं.

इतकं करूनही कुठे पोचा पडलाच तर तो तिथेच थांबत नाही. खोल पाण्यातला पोचा वाहिनीच्या अंगाने पळत सुटतो, आणि पळत राहायला त्याला लागणारा दाब तो मुळात पडायला लागणाऱ्या दाबापेक्षा बराच कमी असतो. म्हणजे एका ठिकाणची चूक कित्येक किलोमीटर वाहिनी सपाट करू शकते. यावर तोडगा म्हणून ठरावीक अंतराने जास्त जाड पोलादाची कडी वाहिनीत बसवतात. पळणारा पोचा त्या कड्यापाशी येऊन अडतो. मग दोन कड्यांमधला तुकडा गमावला तरी बाकीची वाहिनी वाचते.

उथळ समुद्रात प्रश्न वेगळाच असतो. तिथे वाहिनी बुडायलाच तयार नसते. नॉर्ड स्ट्रीमचा एक पाइप 12 मीटरहून थोडा लांब. 27 मिलिमीटर भिंतीच्या पाइपात पोलाद भरतं साधारण साडेनऊ टन, पण तो बाजूला सारतो सुमारे 14 टन पाणी. आर्किमिडीजच्या हिशेबाने असा पाइप मोकळा सोडला तर तो चक्क तरंगेल. म्हणून त्यावर लोहखनिज मिसळलेल्या जड काँक्रीटचा 6 ते 11 सेंटिमीटर जाडीचा थर दिला गेला आणि एकेका पाइपाचं वजन 24 टनांपर्यंत पोचलं. अशा सुमारे एक लाख पाइपांची एक वाहिनी, आणि वाहिन्या दोन. तुर्कस्ट्रीमच्या खोल पाण्यातल्या पाइपांना असं ओझं लादावं लागत नाही. चेपलं जाऊ नये म्हणून केलेली जाड भिंतच त्यांना बुडवायला पुरेशी होते.

हे पाइप जोडण्याचं काम समुद्रात, जहाजावरच चालतं. जहाजाच्या पोटात लांबलचक आडवी ओळ असते. एका टोकाला नवा पाइप ओळीत सरकतो. मग एकामागून एका ठिकाणी वेल्डिंगचे थर चढतात, प्रत्येक सांधा ध्वनिलहरींनी तपासला जातो, सांध्यावर लेप बसतो आणि जहाज एका पाइपाच्या लांबीइतकं पुढे सरकतं. मागच्या बाजूने बाहेर पडणारी वाहिनी एका लांब, वाकड्या सांगाड्यावरून पाण्यात उतरते, मधे लोंबकळते आणि तळाशी पुन्हा आडवी होते. कडेने पाहिलं तर इंग्रजी 'एस'सारखा आकार दिसतो. रशिया-तुर्कस्तान दरम्यानच्या आधीच्या 'ब्लू स्ट्रीम' वाहिनीसाठी दुसरी पद्धत वापरली होती. पाइप उंच मनोऱ्यातून जवळजवळ उभाच खाली सोडायचा, म्हणजे वरचं वळण टळतं. मनोऱ्यात वेल्डिंगला जागा कमी, म्हणून वेग मात्र मंदावतो.

लोंबकळणाऱ्या वाहिनीचं वजन पेलतं जहाज. तुर्कस्ट्रीमच्या आकड्यांवरून ढोबळ हिशेब केला तर पाण्यात तिचं वजन मीटरला दोनशे किलोच्या थोडं वर येतं. 2,200 मीटर म्हटले तर साडेचारशे टनांच्या आसपास, आणि वाहिनी तिरकी लोंबत असल्याने प्रत्यक्षात त्याहून काहीसं अधिक. मोठ्या जहाजाला हे झेपतं. पण समजा, टाकता टाकता खाली कुठे पोचा पडून भिंत फाटली आणि वाहिनीत पाणी शिरलं, तर? आतल्या पाण्यामुळे तेच वजन तिपटीवर जातं. जहाजाच्या पकडीत तेवढा दम नसेल तर वाहिनी हातची निसटून तळाला जाणार. तुर्कस्ट्रीम टाकणाऱ्या 'पायोनिअरिंग स्पिरिट' जहाजाची पकड 2,000 टनांची आहे, ती असली वेळ आली तरी वाहिनी सुटू नये म्हणून. रोजच्या कामाला तेवढी ताकद लागत नाही.

वाहिनी जिथे टेकायची तो तळही काही सपाट अंगण नव्हे. नॉर्वेच्या ऑर्मेन लांगे या वायुक्षेत्रातून आलेला वायू 'लँगेलेड' वाहिनीने सुमारे 1,166 किलोमीटर जाऊन इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतो. हे वायुक्षेत्र ज्या भागात आहे तिथे सुमारे 8,000 वर्षांपूर्वी समुद्राखालची एक महाकाय दरड कोसळली होती आणि तिने त्सुनामी उठवली होती. तिथून वाहिन्या वर काढायच्या म्हणजे त्या दरडीच्या उंचसखल, कड्याकपारींच्या तळावरून वाट शोधायची. तळ असा खडबडीत असला की वाहिनी दोन उंचवट्यांवर टेकते आणि मधला भाग अधांतरी राहतो. त्याखालून प्रवाह वाहतो, पाण्यात भोवरे सुटतात आणि वाहिनी थरथरू लागते. ही थरथर वर्षानुवर्षं चालली तर पोलाद थकतं आणि सांध्याला तडा जातो. म्हणून अशा जागी आधी उंचवटे छाटतात, किंवा जहाजातून लांब नळीने दगड सोडून खालची पोकळी भरतात. बाल्टिकमध्ये अडचण माणसानेच करून ठेवलेली. महायुद्धांच्या काळातले सुरुंग तळाशी पडलेले होते, ते आधी शोधून निकामी करावे लागले. काळ्या समुद्राचं पाणी दीड-दोनशे मीटरखाली प्राणवायूविना असतं आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. हा वायू पोलादाला ठिसूळ करू शकतो. त्यामुळे तिथे धातूची निवड आणि लेप, दोन्हीकडे जास्त काटेकोरपणे पाहावं लागलं.

गंजापासून संरक्षणासाठी लेपाच्या जोडीला अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताची कडी वाहिनीला ठरावीक अंतरावर चढवलेली असतात. पोलादाआधी ती झिजतात, एवढंच त्यांचं काम.

वाहिनी पुरी झाली तरी लगेच वायू सोडत नाहीत. आधी तिची दाबाची चाचणी होते, बहुधा गाळलेलं समुद्राचं पाणी भरून. मग ते पाणी थेंब न् थेंब काढावं लागतं. यात जराही ढिलाई चालत नाही. थंड तळाशी, मोठ्या दाबाखाली पाणी आणि मिथेन (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) एकत्र आले की बर्फासारखा घट्ट पदार्थ तयार होतो, तोही शून्य अंशाच्या बराच वर. त्याचा बोळा वाहिनी तुंबवू शकतो. म्हणून वाहिनीत घट्ट बसणारे, 'पिग' नावाचे दट्टे दाबाने ढकलत नेतात आणि पाठोपाठ कोरडी हवा फिरवतात. पुढेही जो वायू वाहिनीत जाणार तो किनाऱ्यावर वाळवूनच. त्याला जोरही तिथेच मिळतो, कारण समुद्राच्या मध्यावर पंप बसवण्याची सोय नसते. नॉर्ड स्ट्रीममध्ये रशियाच्या किनाऱ्यावर 220 बार (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण) दाबाने आत ढकललेला वायू 1,224 किलोमीटरचं अंतर तेवढ्या एका रेट्यावर कापत असे. घर्षण कमी व्हावं म्हणून वाहिनीला आतूनही गुळगुळीत लेप असतो.

वायू उणे 162 अंशांपर्यंत थंड करून, द्रवरूपात सहाशेपट आकुंचित करून जहाजानेही आणता येतो. त्यासाठीचे प्रकल्प महाग असतात, पण जहाज कुठल्याही बंदरात वळवता येतं. वाहिनीची दोन टोकं मात्र कायमची बांधलेली. विकणारा आणि घेणारा दोघेही काही दशकांसाठी एकमेकांत अडकतात. मधल्या देशांचाही प्रश्न असतोच. 1982 च्या संयुक्त राष्ट्रसंघ समुद्री कायदा कराराने सर्व देशांना दुसऱ्याच्या सागरी खंडमंचावरून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावरून, वाहिनी टाकण्याचा हक्क दिला आहे. मार्ग कुठून जाणार याला मात्र त्या किनारी देशाची संमती लागते. नॉर्ड स्ट्रीमच्या जोडीला आखलेल्या दुसऱ्या प्रकल्पाला, 'नॉर्ड स्ट्रीम 2' ला, डेन्मार्कची परवानगी मिळायला ऑक्टोबर 2019 उजाडला, तोवर इतर देशांच्या संमती येऊन बसल्या होत्या.

उथळ पाण्यात वाहिनी टाकणं सोपं, तसंच तिथे तिला इजा होणंही सोपं. फिनलंड आणि एस्टोनियाला जोडणारी 'बाल्टिककनेक्टर' ऑक्टोबर 2023 मध्ये एका मालवाहू जहाजाच्या घसटत गेलेल्या नांगराने फाडली. ती पुन्हा चालू व्हायला एप्रिल 2024 उजाडला. त्याआधी सप्टेंबर 2022 मध्ये डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटाजवळ नॉर्ड स्ट्रीमच्या दोन्ही प्रकल्पांच्या मिळून चारपैकी तीन वाहिन्या स्फोट घडवून तोडण्यात आल्या. नंतरच्या अभ्यासानुसार त्यातून सुमारे 4.65 लाख टन मिथेन हवेत गेला. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी प्रखर हरितगृह वायू आहे. कोळशापेक्षा स्वच्छ म्हणून वायूची बाजू मांडायची, तर त्याची गळती शून्याजवळ ठेवणं ही त्या युक्तिवादाची पहिली अट आहे. वाहिनी बांधताना ती अट खर्चाच्या रकान्यात सर्वांत वर असायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

दोन हजार मीटरखाली नांगर पोचत नाही, मासेमारीची जाळीही नाहीत. पण तिथे बिघाड झालाच तर पाणबुड्यालाही जाता येत नाही. तुटलेला भाग कापणं, वर उचलणं, नवा तुकडा बसवून घट्ट करणं ही सगळी कामं दूरनियंत्रित यंत्रांनीच करावी लागतात.

ओमानहून अरबी समुद्राखालून थेट भारतात वायू आणण्याची कल्पना 1990 च्या दशकापासून पुन्हा पुन्हा पुढे येते आहे. भूमार्ग टाळता येतो हे तिचं मोठं आकर्षण. तिच्या वाटेतली खोली 3,400 मीटरच्याही पुढे जाते. म्हणजे तुर्कस्ट्रीमच्या दीडपट, आणि दाब साडेतीनशे वातावरणांच्या घरात. वाटेत सिंधू नदीने कोट्यवधी वर्षं आणून टाकलेल्या गाळाचा अफाट पंखा आहे, सरकणाऱ्या भूपट्टांची सीमाही आहे. ही वाहिनी आजवर झालेली नाही. होण्यासाठी तुर्कस्ट्रीमपेक्षा अरुंद, तरीही तिच्याइतक्याच किंवा अधिक जाड भिंतीचे पाइप लागतील, पाण्याने भरलेली साडेतीन किलोमीटर लांबीची वाहिनी पेलणारं जहाज लागेल आणि तेवढ्या खोलीवर दुरुस्ती करू शकणारी यंत्रं करारावर सही होण्याआधी चाचणी होऊन तयार असावी लागतील. शिवाय अरुंद वाहिनीतून वायू कमीच येणार. तेवढ्या वायूच्या किमतीतून हा सारा खर्च वसूल होईल का, याचं उत्तर त्या प्रकल्पाला सर्वांत आधी द्यावं लागेल.